पिशवीत मावणारा दणदणाट

जी वस्तू दुकानात तयार मिळते तीच दुप्पट-तिप्पट खर्च करून, महिनोन्‌महिने खपून आणि घरच्यांची बोलणी खाऊन स्वतःच्या हाताने बनवायची, असा एक पंथ आपल्याकडे आहे. त्यातले काही जण दुर्बिणी घासतात, काही घरच्या घरी साबण पाडतात. बॅटरीवर चालणारा, उचलून कुठेही नेता येणारा आणि तरीही ‘खरा’ आवाज देणारा स्पीकर बनवू पाहणारा साधक मात्र ओळखायला सगळ्यांत सोपा. कुणाच्याही घरी गेला की तो पोकळ वस्तूंना टिचक्या मारतो. फराळाचा पत्र्याचा डबा, माळ्यावरची जुनी सूटकेस, दिवाणाचा खालचा खण. यजमानांना वाटतं, पाहुण्यांना वस्तू आवडली. पाहुणे मनातल्या मनात लिटर मोजत असतात.

दुकानातला तयार ब्लूटूथ स्पीकर त्याला चालत नाही. ‘नुसता डबा वाजतोय’ हा त्याचा कुठल्याही स्पीकरवरचा पहिला अभिप्राय असतो, आणि पुढे त्याने स्वतः जे बनवलेलं असतं तो शब्दशः डबा असतो, याकडे कुणी लक्ष वेधत नाही. निमित्तं त्याच्याकडे भरपूर. गच्चीवरची कोजागरी, लाइट गेल्यावरची संध्याकाळ, मित्रांबरोबरचा राजमाचीचा ट्रेक. (गडावर स्पीकर वाजवणाऱ्यांबद्दल इतर ट्रेकर्सचं मत छापण्याजोगं नसतं. ते त्यांच्यापाशीच राहू द्यावं.) मनातला नकाशा साधा असतो: हातात मावेल एवढा आकार, मांडव हादरेल एवढा आवाज आणि छातीत धडधडेल असा बेस.

मुंबईत या साधनेची सुरुवात ग्रँट रोड स्टेशनला उतरून होते. तिथल्या लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं बदलून जमाना झाला, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून काही उतरलेले नाहीत. पुण्यात हीच यात्रा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाला वळसा घालून तपकीर गल्लीत शिरते. दोन्हीकडचा रिवाज सारखाच. साधक रात्रभर वाचून आलेला असतो, त्याच्या खिशात चिठ्ठी असते, चिठ्ठीवर आकडे असतात. दुकानदार स्पीकर तीन मापांत विकतो: इंच, वॉट आणि मागच्या लोहचुंबकाचा आकार.

“याचा एफएस किती आहे?” साधक विचारतो.

“एफएस?” दुकानदार स्पीकर उलटा करून पाहतो. “डबल मॅग्नेट है, शेठ. हंड्रेड वॉट.”

“क्यूटीएस?”

“क्वालिटी एकदम टॉप.”

इथे घासाघीस सुरू होते आणि मराठी माणसाला आपण जिंकत असल्याचा भास होतो. आठ इंची वूफर, दोन ट्वीटर, ॲम्प्लिफायरचं बोर्ड, वर एक जाळी फुकट. पण लॅमिंग्टन रोडवरच्या प्रत्येक वस्तूचा भाव पाडता येत असला, तरी एका माणसाने घालून ठेवलेल्या नियमाचा भाव तिथे कुणालाच पाडता आलेला नाही. त्या माणसाचं नाव जे. अँटन हॉफमन. विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव. हेन्री क्लॉस, माल्कम लो आणि हॉफमन या तिघांनी १९५७ साली अमेरिकेत स्पीकर बनवणारी कंपनी काढली आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरं जोडून तिला केएलएच म्हटलं. हॉफमन यांचा पोलादी नियम असा: लहान पेटी, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कुठल्याही दोन घ्या. तिसरी मिळणार नाही. साधकाच्या नकाशात नेमक्या याच तीन गोष्टी होत्या, पण चिठ्ठी लिहिताना हा नियम कुणी त्याच्या कानावर घातलेला नसतो. घातला असता तरी आपल्याला सूट मिळेल, अशी त्याची खात्री असते.

पहिला धक्का वॉटचा. बोर्डावर ‘१०० वॉट’ असं छापलेलं असतं आणि ते अगदीच खोटं नसतं. टीपीए३११६ ही या पंथातली सध्याची लाडकी चिप दोन्ही बाजूंना ५०-५० वॉट देऊ शकते. फक्त तिला २१ व्होल्ट आणि ४ ओहमचे स्पीकर लागतात. साधकाने बॅटरी आणलेली असते १२ व्होल्टची. १२ चा वर्ग १४४. त्याला ४ ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागायचं. उत्तर १८ वॉट, तेही कागदावर. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ९. पन्नासाचे नऊ होताना पाहून माणूस खचतो, पुन्हा भागाकार करतो, कॅल्क्युलेटर बदलतो.

खरं तर त्याने वडिलांना विचारायला हवं होतं. नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर पीएमपीओ नावाचा प्रकार असे. हजार वॉट, दोन हजार वॉट, आणि मागची वायर मात्र टेबललॅम्पएवढी. पीएमपीओ म्हणजे एखाद्या निमिषार्धात, सगळे ग्रह अनुकूल असताना, कल्पनेत निघू शकेल अशी ताकद. ती मोजायची कशी याचा कुठलाही सर्वमान्य नियम नव्हता, त्यामुळे ती कंपनीच्या स्वभावानुसार वाढत असे. फुगवण्याची ही कला आपल्याकडची नव्हे. आजच्या सगळ्या बॅटरी-स्पीकरांत जे ‘क्लास डी’ तंत्र असतं, ते बाजारात प्रथम आणलं ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने, १९६४ साली, घरी जोडायच्या संचाच्या रूपात. संचाचं नाव एक्स-१०, कारण तो १० वॉट देणार होता. प्रत्यक्षात निघाले अडीच. म्हणजे क्लास डी आणि फुगवलेला वॉट ही जुळी भावंडं आहेत.

तरीही क्लास डी नसतं तर हा छंद मोटारीच्या बॅटरीशिवाय करता आला नसता. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर बॅटरीतली बरीचशी वीज स्वतः तापण्यात घालवतो. क्लास डीमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात, मधल्या अवस्थेत रेंगाळत नाहीत. त्यामुळे जोरात वाजताना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. अंगठ्याएवढी चिप पन्नास वॉट काढते आणि हात लावला तर नुसती कोमट लागते.

त्यात वॉट कमी पडले म्हणून आवाज कमी होतो, हाही गैरसमजच. दुप्पट वॉटने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट ताकद लागते. उलट, एका वॉटमध्ये एक मीटरवर ८४ डेसिबल देणारा स्पीकर टाकून ९४ देणारा घेतला, तर हेच दहापटीचं काम बॅटरीला तोशीस न लावता होतं. कोळीवाड्यातल्या नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. त्यांच्या ढकलगाडीवर कर्णे असतात. कर्ण्याच्या तोंडाशी हवेला पकड मिळते, म्हणून शंभराच्या वर डेसिबल एका वॉटमध्ये निघतात आणि बेंजोची प्रत्येक तार पुढच्या नाक्यापर्यंत जाते. कर्ण्यात बेस नसतो, ती बाजू गाडीमागे चालणारे ताशा-ढोलवाले सांभाळतात. हॉफमनसाहेबांच्या नियमावर काढलेली याहून व्यवहारी तोड अजून पाहण्यात नाही. भंगार गोळा करणारा हातगाडीवाला आणि गल्लीतली घंटागाडी याच घराण्यातली.

साधकाला कर्णा नको असतो. त्याला बेस हवा असतो.

बेस म्हणजे हवा. ५० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी सातेक मीटर भरते, आणि ती काढायची असते ओंजळीएवढ्या कागदी पडद्याने. एका सप्तकाने खाली उतरायचं आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर पडद्याला चौपट लांब झोका घ्यावा लागतो. तीन इंची स्पीकरला हे सांगणं म्हणजे शिशुवर्गातल्या मुलाला मलखांबावर चढवणं. तो बिचारा झोका घेतो, मागच्या मागे आपटतो आणि फर्रर्र असा आवाज काढतो. अशा वेळी साधक फोनवरच्या इक्वलायझरमध्ये बेसचा खटका अजून वर नेतो.

मग ट्रान्झिस्टरवर तबल्याचा बायाँ कसा ऐकू यायचा? १९५७ साली सुरू झालेली विविध भारती निम्म्या महाराष्ट्राने तळहाताएवढ्या स्पीकरवर ऐकली आणि कुणी बेसची तक्रार केली नाही. याचं श्रेय रेडिओपेक्षा कानाला जातं. मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. आजचे लहान ब्लूटूथ स्पीकरही हीच पळवाट वापरतात. निम्मा बेस श्रोत्याच्या डोक्यात वाजवून घेतात.

पेटी किती लिटरची हवी हे सांगणारं गणित ऑस्ट्रेलियातून आलं. तिथल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली ते मांडलं आणि पुढची दहा वर्षं जगाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकाने तो निबंध पुन्हा छापला. पाठोपाठ सिडनीतल्याच रिचर्ड स्मॉल यांचे निबंध आले, आणि तेव्हापासून स्पीकरवाले ‘थील-स्मॉल’ हा जोडशब्द उच्चारताना कानाला हात लावायचे तेवढे बाकी ठेवतात. दुकानदाराला विचारलेले एफएस आणि क्यूटीएस हे त्यातलेच आकडे.

दुकानदाराकडे ते नसतात, म्हणून ते घरी काढायचे. स्पीकर उघडा टांगायचा, वेगवेगळे स्वर सोडून तो कुठल्या स्वराला सगळ्यांत मोकळा झुलतो ते पाहायचं. मग पडद्यावर मोजून दहा ग्रॅम वजन चिकटवायचं आणि पुन्हा पाहायचं. स्वर किती उतरला यावरून बाकीचं गणित सुटतं. वजनाला चिकटमाती लागते. ती घरात नसते, कणीक असते. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ओट्यावर स्वयंपाकाचा वजनकाटा, काट्यावर कणकेची गोळी, शेजारी उताणा वूफर आणि त्यातून येणारा ‘हूंऽऽ’ असा अखंड हुंकार, हे दृश्य बघून गावाहून आलेल्या सासूबाईंनी काही न विचारता परत खोलीत जाणं हे त्यांच्या समंजसपणाचं लक्षण. गोळी पडद्यावर वाळली की निघत नाही, ही माहिती पुस्तकात दिलेली नसते.

गणित सुटलं की सुतार.

“मिस्त्री, १८ मिलिमीटरचं प्लाय. आतून बाहेरून फट नको.”

“स्टूल आहे का, साहेब?”

“स्पीकर.”

“मग एवढं जाड कशाला? बारा पण चालंल. आणि हे भोक?”

“ते मुद्दाम. तिथून हवा यायला हवी.”

“आत्ताच म्हणालात फट नको.”

मिस्त्रींचा मुद्दा बिनतोड असतो. पेटीतलं भोक, म्हणजे पोर्ट, ठरावीक स्वरालाच बोलतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा येतो तोच. पण हे भोक नुसतं भोक नसून पाइप असावा लागतो आणि पेटी जितकी लहान तितका पाइप लांब. पाच लिटरची पेटी, पाच सेंटिमीटर व्यासाचा पाइप आणि ५० हर्ट्झचा हट्ट, हे तिन्ही कायम ठेवले तर पाइपची लांबी ४३ सेंटिमीटर भरते. पाच लिटरच्या चौकोनी पेटीची बाजू असते सतरा. साधक मग नळकामाच्या दुकानातून पीव्हीसीचे एल्बो आणतो आणि पेटीच्या पोटात बेसिनखालच्या नळीसारखी वळणं घालतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा गीझर आहे. तयार स्पीकरवाले याच कारणाने पाइपच्या वाटेला जात नाहीत. ते बाजूला चुंबक नसलेला, नुसता वजनदार पडदा बसवतात; दुकानात सगळे ज्याला बोट लावून पाहतात तो थरथरणारा भाग तोच.

आणि आता माठाबद्दल बोललंच पाहिजे.

सनमायका आणि रेक्झिनच्या आधी आपल्याकडे स्पीकर माठात असे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सलूनमध्ये, पानाच्या गादीवर, एखाद्या हौशी काकांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात माठ ठेवलेला असायचा, त्याच्या तोंडावर वर आभाळाकडे तोंड केलेला स्पीकर, आणि माठाला ऑइलपेंटने काढलेली वेलबुट्टी. घुमायचा झकास. शिकल्यासवरलेल्या लोकांनी त्याला हसून घेतलं आणि लाकडी चौकोनी खोकी घरात आणली. आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमाराला एकच स्पीकर बारा वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमाप केलं. सगळ्यांत सपाट, निर्दोष आवाज निघाला गोलाकार पेटीचा. घनाचा, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनी डब्याचा, आवाज बराच खालीवर झाला. कारण असं की, पडद्यावरून निघालेली लहर पेटीच्या धारदार कडेला पोचली की तिथून फुटून पुन्हा नव्याने पसरते आणि मूळ आवाजात ढवळाढवळ करते. गोलाला कडच नाही. म्हणजे सलूनवाल्याचा माठ विज्ञानाच्या बाजूने होता आणि फर्निचरवाल्याचं खोकं विरोधात.

माठाची बाजू फार ताणण्यातही अर्थ नाही. छताला ऐकवलेलं गाणं खाली येईपर्यंत त्यातली तार सप्तकं हरवतात, भाजलेल्या मातीला स्वतःचा एक स्वर असतो आणि तो ती मधूनमधून लावते, शिवाय एसटीच्या टपावर माठ किती पोर्टेबल राहतो हा प्रश्न आहेच. पण माठात स्पीकर बसवून, वर बॅटरी बांधून, काखोटीला मारून नेण्याचा विचार ज्याच्या मनात एकदाही आला नाही, त्याने या पंथात वेळ घालवू नये.

बॅटरीचा अध्याय पूर्वी सोपा होता. टू-इन-वनला सहा किंवा आठ जाडे सेल लागत. दीड-दीड व्होल्टचे आठ सेल म्हणजे बारा व्होल्ट. ते संपत आले की गाणारी बाई हळूहळू बुवा व्हायची. मग आई ते सेल खिडकीत उन्हाला ठेवायची, आणि संध्याकाळी बाई थोडा वेळ पुन्हा बाई व्हायची. यात अंधश्रद्धा नव्हती. ऊब मिळाली की त्या जस्ताच्या सेलमधली थकलेली रसायनं पुन्हा थोडी हालचाल करतात.

त्यानंतर आली इन्व्हर्टरवाल्यांच्या नात्यातली शिशाची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी. स्वस्त, सहनशील, आणि दोन किलोंहून जड. तिच्यामुळे ‘पोर्टेबल’ हा शब्द रिक्षाच्या भाड्यासह वाचावा लागे. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि ती शक्य करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या पारितोषिकाने गल्लीतल्या स्पीकरवाल्यांइतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल.

या स्पीकरवाल्यांचा सेल म्हणजे १८६५०. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीत असे सहा निघतात आणि त्यातले दोन-तीन जिवंत असतात, म्हणून साधक ऑफिसच्या आयटी विभागाशी गोड बोलायला लागतो. नवे घ्यायला गेला तर वरती ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेले, आकर्षक रंगांचे सेल निम्म्या भावात समोर येतात. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार मावतात. त्याच्या वरचा आकडा ही पीएमपीओची नवी पिढी. असे काही सेल फोडून पाहणाऱ्यांना आत एक छोटा सेल आणि उरलेल्या पोकळीत भुकटी भरलेली सापडली आहे. यावर उपाय स्वयंपाकाच्या वजनकाट्याचा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तोपर्यंत काटा स्वयंपाकघरातून कायमचा गेलेला असतो आणि केकचं प्रमाण घरात ‘अंदाजे’ झालेलं असतं.

इथे मात्र विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज केला, किंवा त्याच्या टोकांवर थेट कथलाचा डाग देत बसलं, की तो आतून बिघडतो आणि प्रसंगी पेट घेतो. सेल जोडायचे ते निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने चिकटवून, आणि वर बीएमएस नावाचं रखवालदार सर्किट लावून. ज्याला एवढ्याचाही भरवसा वाटत नाही, तो लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल घेतो. ते थोडे जड असतात, पण स्वभावाने शांत. असे चार जोडले की १२.८ व्होल्ट होतात. बीएमएसचा स्वभाव मात्र सरकारी असतो. ठरलेल्यापेक्षा एक अँपिअर जास्त मागितला की तो काहीही न बोलता खिडकी बंद करतो. त्यामुळे आठवडाभर मंद आवाजात उत्तम चाललेला स्पीकर मित्रांना बोलावल्यावर, आवाज पूर्ण वाढवल्यावर, बेसच्या पहिल्याच ठोक्याला ठार मुका होतो.

बॅटरी किती वेळ चालेल, या गणितात मात्र साधकाला अनपेक्षित सुख मिळतं. अडीच हजारवाले सहा सेल, तीन-तीनच्या दोन ओळींत, म्हणजे ११.१ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास. गुणाकार ५५ वॉट-तास. गाण्यातले ठोके मोठे असले तरी ते क्षणभरच टिकतात. सरासरी काढली तर घरातल्या ऐकण्याला एखाद-दोन वॉट पुष्कळ होतात. दहा-बारा तास आरामात निघतात. तरी तो चोवीस सेल लावतो. मग पॅक २०० वॉट-तासांच्या वर जातो आणि स्पीकर विमानातून नेता येत नाही. १०० वॉट-तासांच्या वरच्या लिथियम बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वर ती प्रवाशाला नेताच येत नाही. स्पीकर घेऊन विमानात बसायचं त्याच्या स्वप्नातही नसतं, पण नेता येत नाही म्हटल्यावर त्याला फार लागतं.

सगळं जोडून झालं की चालू करण्याचा क्षण. बटण दाबताच ‘ठप्प’ असा दणका बसतो, आणि पाठोपाठ एक परदेशी बाई, आवाजाच्या खटक्याला न जुमानता, ब्लूटूथ जोडणीसाठी सज्ज असल्याची घोषणा इंग्रजीत करते. हा आवाज स्वस्त ब्लूटूथ मोड्यूलच्या पोटात कोरलेला असतो, तो काढता येत नाही. रात्री साडेअकराला फक्त चेक करायला म्हणून बटण दाबलं, तर पूर्ण इमारतीला ती सज्ज असल्याचं समजतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा हे तास शांततेसाठी राखतात आणि निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. बाईला ते ठाऊक नसतात.

बाई गप्प झाल्या की मागे एक बारीक कुंईऽऽ उरते. गाणं थांबलं तरी ती थांबत नाही, फोन जवळ नेला की सूर बदलते. ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर एकाच बॅटरीवर असल्याने अर्थिंगच्या वाटेने एकाची कुजबुज दुसऱ्याच्या कानात जाते. नखाएवढा एक आयसोलेटेड कन्व्हर्टर दोघांच्या मध्ये बसवला की ती जाते. साधकाला हे शेवटी कळतं. त्याआधी तो वायरी बदलतो, फोन बदलतो, मुलाला दुसऱ्या खोलीत जाऊन वायफाय बंद करायला लावतो.

आणि एके दिवशी ते खरंच वाजतं. हे सांगायलाच हवं, कारण या मंडळींची थट्टा करणं सोपं असलं तरी बारा लिटरच्या, फट नसलेल्या जाड प्लायच्या पेटीतून, नीट जुळवलेल्या पोर्टमधून तानपुऱ्याचा खर्ज पहिल्यांदा खोलीत पसरतो तेव्हा घरातलं माणूसही हातातलं काम थांबवून दारात येऊन उभं राहतं. पैशाच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही, पण तेवढ्या पैशांत तो खर्ज बाजारात मिळतही नाही. हॉफमनसाहेबांना त्यांची वर्गणी पोचलेली असते: आवाज ठीकठाक, बेस खोल, आणि वजन नऊ किलो. पिशवी बाद होते. सुतार वर बंद बसवून देतो, बंद हाताला काचतो, म्हणून ट्रॉलीबॅगची जुनी चाकं येतात.

सोसायटीच्या कोजागरीला स्पीकर गच्चीवर येतो. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच असल्याने शेवटचा जिना दोघे जण उचलून आणतात. साधकाने पहिलं गाणं निवडायला तीन दिवस घेतलेले असतात. तो लावतो, लोक मसाला दूध पितात, दोन-तीन जण मान डोलावतात. मग सेक्रेटरी जवळ येतात, पेटीभोवती एक चक्कर मारतात, जाळीला बोट लावतात.

“छान आहे हो. याला माइक लागतो का?”

महाराष्ट्रात आवाज काढणाऱ्या कुठल्याही यंत्राला विचारला जाणारा हा पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव प्रश्न आहे. लागत नाही म्हणणं जिवावर येतं. पुढच्या शनिवारी साधक पुन्हा ग्रँट रोडला उतरतो, माइक प्रीॲम्पचं बोर्ड आणतो, पेटीच्या मागे आणखी एक भोक पाडतो. माइक स्पीकरच्या समोर आला की त्याचाच आवाज पुन्हा त्यात शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, म्हणून ‘माइक मागे धरा, काका, मागे’ असं सांगायला त्याला प्रत्येक कार्यक्रमाला हजर राहावं लागतं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या मागेपुढे असतो. त्याच्या खालचं जे काही थील, स्मॉल, मिस्त्री आणि कणीक यांनी मिळून घडवलं, ते सगळं मंडळाच्या हळदीकुंकवाला सक्तीच्या रजेवर असतं. स्पीकर सांगत असतो की गेटसमोरची पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी ती ताबडतोब काढावी, आणि वाण सर्वांना पुरेल, रांग मोडू नये.

बी विंगने दुसऱ्या स्पीकरची ऑर्डर दिली आहे. फक्त जरा हलका हवा, आणि त्याला पेनड्राइव्ह लागला पाहिजे.